कोनशिलेच्या पुढचे गणित

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर भंडारा जिल्ह्यातील साकोली हे तालुक्याचे गाव लागते. धानाच्या बांध्या, तलाव आणि नागझिऱ्याचे जंगल ही या परिसराची ओळख. याच तालुक्यातील मुंडीपार येथे २०१३च्या मे महिन्यात 'भेल' या सार्वजनिक उपक्रमाच्या वीजसामग्री कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, तरुणांनी स्वप्ने पाहिली. परंतु पुढे वर्षानुवर्षे तेथे उत्पादन सुरू झाले नाही. दोष कोणाचा, यावर आजवर पुष्कळ बोलले गेले. त्याहून मूलगामी प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. कारखाना उभा राहिला असता, तर साकोलीच्या तरुणाच्या हाती काय आले असते? सांधेजोडीची मशाल, की त्या सांध्याचे गणित?

हा भेद शाब्दिक नाही. आधुनिक औष्णिक वीजकेंद्रात वाफेचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेवढ्या उष्णतेत दाबाखाली असलेली पोलादी नळी वर्षानुवर्षे कणाकणाने ताणली जाते आणि एके दिवशी, बहुधा सांध्यापाशी, फुटते. नळी किती जाड असावी, कोणत्या पोलादाची असावी, ती किती वर्षांनी बदलावी, हे ठरविणारे शास्त्र म्हणजे पदार्थांची यामिकी. सांधा जोडणाऱ्याला मजुरी मिळते. हे गणित ज्याच्याजवळ असते, त्याच्याकडे उद्योगाची सूत्रे असतात.

गेल्या सात दशकांत या शास्त्राला संगणकाची जोड मिळाली. १९५०च्या दशकात विमानाच्या पंखांची मजबुती तपासताना अमेरिकेतील अभियंत्यांनी जी रीत रूढ केली, तिला १९६०मध्ये 'फायनाइट एलिमेंट' हे नाव मिळाले. तिचे तत्त्व साधे आहे. गुंतागुंतीच्या आकाराचे हजारो लहान तुकडे कल्पावेत, प्रत्येक तुकड्यासाठी बल आणि विकृती यांचे समीकरण मांडावे आणि ती सारी समीकरणे संगणकाकडून एकत्रितपणे सोडवून घ्यावीत. आज तर अणूंच्या मांडणीपासून धातूच्या कणांपर्यंत आणि तेथून संपूर्ण यंत्रभागापर्यंत हे अनुमान नेता येते.

हे काम परक्यांनीच करावे, असे मुळीच नाही. डॉ. अनिल काकोडकर १९६४मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले आणि १९६९मध्ये नॉटिंगहॅम येथून त्यांनी प्रायोगिक प्रतिबल विश्लेषणाची पदव्युत्तर पदवी घेतली. कल्पाक्कमच्या दोन अणुभट्ट्या निकालात निघण्याच्या मार्गावर असताना त्यांच्या पुनरुज्जीवनात काकोडकरांचा मोठा वाटा होता. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले आणि नागपुरात अभियांत्रिकी शिकलेले डॉ. विजय भटकर यांचे उदाहरणही विदर्भाला अभिमानास्पद आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारल्यानंतर १९८८मध्ये पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली आणि १९९१मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' सिद्ध झाला. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने रचनांच्या विश्लेषणासाठी 'फीस्ट' ही स्वतःची प्रणाली घडविली. असे असताना आपली बहुसंख्य महाविद्यालये आणि उद्योग परदेशी प्रणालींचे परवाने विकत घेण्यातच धन्यता मानतात. ज्ञान भाड्याने घेणारा देश यंत्रे बनवू शकेल, पण यंत्रांचा स्वामी होऊ शकणार नाही.

'धानाच्या मुलखात या विद्येचे काय काम?' असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर याच मातीत आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने पूर्व विदर्भात तलावांचे जाळे विणले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव त्याची साक्ष देत आहे. कोणती माती पाण्याचा भार सोसेल, पाळीचा उतार किती असावा, याचे ज्ञान त्या निरक्षर मानलेल्या माणसांजवळ होते. आज भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलाद बनते, गडेगावला अवजड वाहनांचा कारखाना आहे आणि पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे. खनिजापासून वाहनापर्यंतची साखळी दोन-तीन तासांच्या प्रवासात पाहता येते. नाही ती केवळ या साखळीचा अभ्यास करणारी परंपरा.

ही परंपरा निर्माण करण्यासाठी शेकडो एकर जमीन लागत नाही. 'कॅल्क्युलिक्स'सारख्या विनामूल्य प्रणाली साध्या संगणकावर चालतात. आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. भाभा केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७पासून निवडलेल्या तरुणांना विद्यावेतनासह घडवीत आली आहे. तरीही ग्रामीण भागातील अभियंता पदवी हाती पडताच पुण्याची गाडी धरतो आणि मिळेल त्या संगणकीय नोकरीत यामिकी विसरून जातो. त्याला दोष देता येणार नाही. घरी कर्ज असते आणि संशोधनाचा मार्ग लांबचा असतो. शिष्यवृत्ती वेळेवर मिळेल याची शाश्वती नसेल, तर त्या वाटेने कोण जाईल?

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. पडद्यावरील रंगीत चित्र म्हणजे सत्य नव्हे. पदार्थाचे गुणधर्म चुकीचे भरले, तर संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. म्हणून नमुना ओढून तोडणारे यंत्र आणि धातूचा शिणवटा मोजणारी प्रयोगशाळा यांच्यावाचून हे शिक्षण पोकळ ठरेल. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थेने भंडाऱ्यातील महाविद्यालये आणि कारखाने यांना एका सूत्रात गुंफावे. कारखान्यांनी आपले मोडलेले भाग भंगारात टाकण्यापूर्वी विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. शासनाने विद्यावेतन नियमित द्यावे. शाळांनी गणिताची भीती मराठीतूनच घालवावी. एवढे झाले, तरी दहा वर्षांत चित्र पालटू शकेल.

कोनशिला बसविणे नेत्यांच्या हाती असते आणि ती विस्मृतीत जाणे काळाच्या. परंतु एखाद्या पोराच्या डोक्यात रुजलेले गणित कोणत्याही सरकारला रद्द करता येत नाही. साकोलीने यापुढे कारखान्याची मागणी अवश्य करावी. मात्र तिच्या आधी प्रयोगशाळेची करावी.