मोबाईलवरचा अभ्यास : माझे मत

मोबाईलवर अभ्यास द्यावा की नको, यावर परवा वर्गात भांडण झाले. पुष्कळ मुले म्हणाली, द्यावा. मी म्हणाले, द्यावा, पण नुसता मोबाईलवरच देऊ नये. बाई म्हणाल्या, "मग भित्तिपत्रकात लिही." म्हणून लिहिते.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा दादा चौथीत होता. त्याचा अभ्यास व्हॉट्सॲपवर यायचा. घरात रेंज नाही, म्हणून तो गोठ्यामागच्या टेकाडावर जाऊन बसायचा. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचे, ते मात्र घरात दिसायचे. त्याला रेंज लागत नव्हती!

मोबाईल वाईट असे मी म्हणत नाही. आमच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत. रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत आधी वापरले. ती शाळापण जिल्हा परिषदेचीच. बाई कोडवर मोबाईल धरतात, की धड्याचा व्हिडिओ लागतो. प्रश्नमंजूषा तर मला फार आवडते. एका प्रश्नाला चार उत्तरे असतात. आम्ही बोटे वर करतो, जास्त बोटे ज्याला ते उत्तर बाई दाबतात. चुकले की लगेच लाल होते. एकदा सगळा वर्ग चुकला आणि मागच्या रांगेतली एकटी मुलगी बरोबर निघाली. ती एरवी बोलतसुद्धा नाही.

पण घरच्या अभ्यासाचे निराळे आहे. आमच्याकडं मोठा मोबाईल एकच, तो बाबांचा. बाबा ट्रॅक्टरवर ऊस वाहतात. कारखान्यावर नंबर लागला नाही तर रात्र तिकडंच होते. आईचा फोन बटनांचा. एकदा पाच झाडांच्या पानांचा फोटो टाका, असा अभ्यास आला. मी आंबा, वड, शेवगा, एरंड आणि तुळस अशी पाने वहीत चिकटवली. फोटो कशाने काढणार? दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'अभ्यास न पाठवलेली मुले' म्हणून नावे आली. त्यात माझे होते. बाबांनी ते कारखान्याच्या रांगेत वाचले. पुढच्या ट्रॅक्टरवाल्या काकांनीपण वाचले, त्यांची मुलगी आमच्याच वर्गात आहे. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "माझ्यामुळं तुझं नाव आलं गं." त्यापेक्षा रागावले असते तर बरे वाटले असते.

म्हणून माझे मत असे, की अभ्यास आधी फळ्यावर लिहावा आणि मग ग्रुपवर टाकावा. मोबाईल नसेल त्याने वही दाखवावी. नावे टाकायचीच असतील तर वही आणणाऱ्यांचीपण टाकावीत.

आणि पालकहो, व्हॉट्सॲपला १३ वर्षे पुरी लागतात. आम्ही १० वर्षांचे. म्हणजे ग्रुपवर आम्ही नाहीच, तुम्ही आहात. काही जण नुसता अंगठा टाकतात आणि घरी काहीच सांगत नाहीत!

माझी पाने अजून वहीत आहेत. तुळशीचे काळे पडले आहे, बाकीची चांगली आहेत. ज्यांना बघायची असतील त्यांनी वर्गात यावे.

– इयत्ता ४ थी