रात्रीची ‘टिंग’ ॲडमिनच्या हाती

मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी ऑफिसचे ॲप म्हणजे बहुतेकदा व्हॉट्सॲपचा ग्रुप. रात्री साडेदहाला ‘उद्या माहिती सादर करा’ येते आणि मागोमाग सगळ्यांचे ‘ओके सर’ वाजत राहते. वैतागून माणूस ग्रुप कायमचा म्यूट करतो. मग खरोखर तातडीचा निरोपही तिथेच पडून राहतो. दोष त्याचा नाही.

कुणाचा फोन केव्हा वाजावा, हे व्हॉट्सॲपच्या ॲडमिनला ठरवता येत नाही. कोणी लिहावे, हे मात्र येते. ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनना ठेवली की ‘ओके सर’ बंद. पोच म्हणून अंगठा देता येतोच, आणि तो वाजलाच तर फक्त साहेबांच्या फोनवर! तातडीसाठी असा वेगळा ग्रुप ठेवावा. चर्चेचा ग्रुप ज्याने त्याने खुशाल म्यूट करावा. स्लॅकसारख्या ॲपमध्ये तर सगळ्यांसाठी शांततेचे तास आधीच लावून देता येतात.

कामाच्या वेळेनंतर फोन बाजूला ठेवण्याच्या हक्काचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर साडेदहाचा निरोप सकाळी टाकल्याने नेमके कोणते काम अडते, हे ॲडमिननेच सांगावे.