पेट्रोलाचा वास आणि अन्वय-व्यतिरेक

मोठ्या कुटुंबाच्या घराला स्वतःचा असा एक वास असतो, आणि त्यांत जरासा फरक पडला तरी तो कोणाच्या ना कोणाच्या ध्यानांत येतोच. दूध करपूं लागलें, तुपाची कढ पुढें गेली, किंवा पावसाळ्यांत धान्याला कोंदट वास आला, कीं माजघरांतून लगेच हांक उठते. ह्या प्रत्येक वासाला घरांत कोणी तरी धनी असतो. परंतु ढेलजेंत किंवा अंगणांत जी मोटार उभी असते, तिच्या वासाला मात्र कोणी धनी नसतो. पेट्रोलाचा वास आला तर "मोटार म्हटली कीं वास यावयाचाच" असें म्हणून एक जण सोडून देतो. दुसरा तो वास मारण्यासाठीं उदबत्ती लावावयास काडी ओढतो. पहिली गोष्ट आळसाची आहे. दुसरी तर उघड उघड संकटाला आमंत्रण देणारी आहे.

हें केवळ भय घालण्यासाठीं लिहिलेलें नाहीं. पेट्रोल हें शून्याखालीं चाळीस अंश सेल्सिअसच्या सुमाराच्या थंडींतहि पेट घेण्याजोगी वाफ सोडतें. म्हणूनच १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें तें 'अ' वर्गांत, म्हणजे सर्वांत ज्वालाग्राही वर्गांत घातलें आहे. ही वाफ हवेपेक्षां तीन-चार पट जड असते. ती धुराप्रमाणें वर निघून जात नाहीं. जमिनीलगत पसरते, पायरी उतरते, मोरींत आणि खोलगट जागेंत सांचून राहते. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा सुमारें दीड ते साडेसात झालें, कीं एक ठिणगी पुरे होते. त्यांतलें बेंझीन हें द्रव्य तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें माणसास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटांत धरलेलें आहे. आपलें भाग्य एवढेंच, कीं वाफ पेटण्याइतकी दाट होण्याच्या कितीतरी आधीं नाक तिला ओळखतें. परंतु नाकाचा एक दोष आहे. तें थोड्याच मिनिटांत सरावतें. घरांत बसलेल्याला वास 'गेला' असें वाटतें, त्या वेळीं बाहेरून आलेला मनुष्य उंबरठ्यावरच थबकतो.

हा प्रश्न जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या बाबतींत विशेष उद्भवतो. इंग्लंडांतल्या एम. जी. मिजेट (१९६१ ते १९७९) आणि ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०) ह्या लहान मोटारी आपल्याकडील हौशी लोकांनीं जपून ठेवल्या आहेत. आपल्या गोव्यांतहि १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नांवाची दोन आसनांची, फायबरच्या अंगाची आणि फ्रान्सच्या रेनो कंपनीचें इंजिन बसविलेली मोटार तयार होऊं लागली. तीहि आतां जुन्यांत जमा होण्याच्या वयाला आली आहे. अशा मोटारींची घडण आटोपशीर असते. टाकी बसणाऱ्याच्या पाठीमागें हाताच्या अंतरावर, नळ्यांचे सांधे रबराचे, आणि वर कापडी टप. शिवाय उघड्या मोटारींतून हवा पुढून मागें जाते अशी जी समजूत आहे ती अर्धीच खरी आहे. धावत्या मोटारीच्या मागें हवेचा दाब कमी होऊन भोंवरा उत्पन्न होतो, आणि मागची हवा उलट पुढें, बसणाऱ्यांच्या तोंडाशीं येते. त्यामुळें वास जेथें जाणवतो तेथेंच त्याचा उगम असतो असें मुळींच नाहीं.

आमच्या आमगांवांत ह्याचें एक चांगलें उदाहरण उन्हाळ्यांत पाहावयास मिळालें. येथील एका कुटुंबांतल्या तरुणानें नागपुराहून दोन आसनांची जुनी इंग्रजी मोटार आणली व ती ढेलजेंत ठेवूं लागला. घर नांदतें, ढेलजेला लागूनच न्हाणीघर, तेथें पाणी तापविण्याचा बंब. पंधरा दिवसांत घरभर पेट्रोलाचा वास येऊं लागला. मिस्त्रीनें बॉनेट उघडून कार्ब्युरेटरचें गॅस्केट बदललें, मग फ्लोटची सुईहि बदलली. वासाचा नेहमींचा उगम तेथेंच असतो, तेव्हां त्याचा अंदाज गैर नव्हता. पण वास राहिला. तो तरुण माझा जुना विद्यार्थी. एके दिवशीं कंटाळून मजकडे आला.

"गुरुजी, दोनदां खर्च झाला, वास मात्र जिथल्या तिथें."

"वास केव्हां येतो?"

"नेहमींच येतो."

"बरें, मग केव्हां येत नाहीं, तें सांग."

ह्या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें; आणि माझ्या मतें सगळें गाडें तेथेंच अडलेलें होतें.

आमच्या जुन्या नैयायिकांनीं अनुमानाचे दोन पाय सांगितले आहेत: अन्वय आणि व्यतिरेक. एक असतांना दुसरें असतें, हा अन्वय. एक नसतांना दुसरेंहि नसतें, हा व्यतिरेक. धुरावरून अग्नीचें अनुमान करतांना ते स्वयंपाकघराचा दाखला पहिल्यासाठीं आणि जलाशयाचा दाखला दुसऱ्यासाठीं देत. एका पायावर उभें राहिलेलें अनुमान डळमळतें. मिस्त्रीनें अन्वय पाहिला होता, व्यतिरेक पाहिला नव्हता. वैशेषिकांचा आणखी एक विचार येथें उपयोगी पडतो. त्यांच्या मतें गंध हा पृथ्वीचा विशेष गुण. पाण्याला वास आला तर तो पाण्याचा नव्हे, त्यांत मिसळलेल्या पार्थिव अंशाचा. आजचें रसायनशास्त्र हें मान्य करणार नाहीं; पण वास एकाचा आणि आळ दुसऱ्यावर, हा त्यांतला इशारा आजहि लागू आहे. आमगांवाजवळच्या पदमपुरालाच महामहोपाध्याय मिराशी यांनीं भवभूतीच्या पूर्वजांचें पद्मपूर ठरविलें आहे. व्याकरण आणि मीमांसा यांच्याबरोबर प्रमाणशास्त्राचाहि अभिमान बाळगणाऱ्या त्या कवीच्या परिसरांत मोटारीची चौकशी प्रमाणशास्त्रानें व्हावी, हें वावगें नाहीं.

मीं त्याला वही करावयास सांगितलें. दिवसांतून तीन वेळां वास आहे कीं नाहीं, मोटार उभी कीं नुकतीच चालून आलेली, उन्हांत कीं सावलींत, आणि टाकींत पेट्रोल किती, एवढेंच लिहावयाचें. आणि वही पुरी होईपर्यंत मोटारीचा एकहि भाग बदलावयाचा नाहीं. एका वेळीं दोन गोष्टी बदलल्या तर गुण कोणाचा हें कधींच कळत नाहीं.

वाचकांच्या सोयीसाठीं अशा वहीचा अर्थ कसा लावावा तें सांगतों. मोटार चालून आल्यावर पांच-दहा मिनिटांनीं बॉनेटकडून वास येत असेल, तर तापलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटरमधलें पेट्रोल उकळत आहे किंवा फ्लोटची सुई नीट बसत नाहीं. इंजिन चालू असतांनाच वास येत असून उभ्या मोटारीला येत नसेल, तर पंपापासून इंजिनापर्यंतच्या नळ्या पाहाव्या. त्या वेळींच त्यांत दाब असतो. रात्रभर थंड उभ्या असलेल्या मोटारीला टाकी कितीहि रिकामी असली तरी वास येत असेल, तर टाकीचा तळ किंवा खालची नळी गळते. आणि टाकी भरल्यावरच वास येत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला आहे. येथें उन्हाळ्याचा हिशेब ध्यानांत ठेवावा. पंपावरच्या भूमिगत टाकींतून थंड निघालेलें तीस लिटर पेट्रोल पंचवीस अंशांवरून पंचेचाळिसावर गेलें, तर अर्ध्या लिटरहून थोडें अधिक फुगतें. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकींत त्याला जागा नसते.

आठ दिवसांची वही पाहिली तेव्हां गोष्ट स्पष्ट झाली. टाकी भरल्यानंतरचे दोन दिवस दुपारीं वास येई. टाकी अर्ध्यावर आली कीं ऊन कितीहि असो, वास येत नसे. म्हणजे कार्ब्युरेटर निर्दोष. गळती अर्ध्या पातळीच्या वर. गंमत अशी, कीं घरांतल्या मोठ्या काकूंनीं पहिल्याच आठवड्यांत सांगितलें होतें, "हा वास मला दुपारीं वाळवणाशीं बसलें कीं येतो, सकाळीं पूजेच्या वेळीं येत नाहीं; आणि येतो तो तुळशीच्या अंगानें." मोटारीचें मागचें तोंड तुळशीकडेच होतें. परंतु मोटारीविषयीं काकूंस कोण विचारणार!

मग डिकींतलें आंतलें अस्तर काढलें. सांध्यांवर खडूची कोरडी भुकटी पसरून टाकी भरली आणि मोटार उन्हांत ठेवली. तासाभरांत, पेट्रोल ओतण्याची नळी जेथें टाकीला मिळते तेथल्या रबरी बाहीच्या खालच्या बाजूला भुकटी ओली होऊन काळवंडली. बाही वरून धड दिसत होती. खालून बोटानें दाबतांच तिच्या भेगा उघडल्या. क्लॅम्प वारंवार आवळल्यामुळें रबर कापलेंहि गेलें होतें. त्याच मिस्त्रीनें ती बाही बदलली. मोठा खर्च आला नाहीं.

ही बाही वयानें गेली हें खरें. पण जुनी मोटार बाळगणारांनीं आणखी एक गोष्ट जाणून असावी. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून विक्रीस आलें आणि २०२५ पर्यंत देशभर रूढ झालें. २०१८ च्या जैवइंधन धोरणानें उसाबरोबरच तांदळाची कणी आणि खराब झालेलें धान्य यांपासूनहि तें करण्यास मुभा दिली. तेव्हां आमच्या धानाच्या जिल्ह्याला ह्यांत परकें वाटण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें, आणि साठ-सत्तर सालच्या रबराला तें मानवत नाहीं. नळ्या कोठें फुगतात, कोठें कडक होऊन तडकतात. म्हणून जुन्या मोटारीच्या सर्व रबरी नळ्या एकदां बदलून इथेनॉल सोसणाऱ्या, आंतून फ्लुओरोरबराचा थर असलेल्या घालाव्या. बाजारांत कोणतीहि काळी नळी 'पेट्रोलची' म्हणून मिळते. तीवर भरंवसा ठेवूं नये.

शोध करतांना पाळावयाचे नियम थोडे आहेत, पण ते अपवादाशिवाय पाळावे. वास येतांच प्रथम दारें उघडावीं व मोटार ढकलून उघड्यावर न्यावी. ती सुरू करूं नये, आणि बंद जागेंत विजेचें बटण दाबूं नये. वास निघून जाईपर्यंत बंब, देवघरांतला दिवा आणि स्वयंपाकाची शेगडी ह्या तिन्ही गोष्टी शांत ठेवाव्या. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. त्यांना दूर ठेवावें. पेट्रोल प्लास्टिकच्या बादलींत काढूं नये, कारण घर्षणाच्या विजेनेंहि ठिणगी पडते. आग लागलीच तर पाणी ओतूं नये. पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवितें. कोरड्या पावडरचें अग्निशामक आणि वाळूची बादली जवळ असावी. रिकाम्या टाकीला डाग देण्याचा आग्रह कोणी धरला तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. रिकामी टाकी वाफेनें भरलेली असते, आणि म्हणून ती भरलेल्या टाकीहून अधिक घातक. टाकीच्या झांकणांतलें हवेचें छिद्र वास थांबावा म्हणून बुजवूं नये.

आणि शेवटचें. वास थांबला म्हणजे दोष गेला असें नव्हे; टाकी अर्धी असती तर त्या मोटारीचा वास कांहीं न करतांहि थांबलाच असता. ज्या स्थितींत वास हमखास येत असे, तीच स्थिति मुद्दाम पुनः आणावी. टाकी तेवढीच भरावी, मोटार तेवढाच वेळ अंगणांत दुपारच्या उन्हांत ठेवावी, आणि नाक सरावलेलें नाहीं अशा माणसाला बाहेरून बोलवावें. आमच्या तरुणानें तसें केलें. देवळांतून परतलेल्या काकूंना त्यानें तुळशीपाशीं उभें केलें. त्यांनीं दोनदां श्वास घेतला, "आज कांहीं नाहीं" म्हणाल्या, आणि वाळवण पाहावयास निघून गेल्या. दुरुस्तीची पावती ती.