कानातला आगंतुक

कानाचे मशीन ही वस्तू ग्रामीण भागात आता अपूर्वाईची राहिलेली नाही. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्यासारख्या बाजारगावात सोमवारी फेरफटका मारला, तर कानामागे बोटाच्या पेराएवढे यंत्र लावलेली वडीलधारी माणसे सहज दिसावीत. खिशात पेटी आणि तिथून कानापर्यंत आलेली वायर हे जुने दृश्य मागे पडत चालले आहे. नव्या यंत्रांपैकी पुष्कळशी ब्लूटूथच्या लहरींनी मोबाइलशी जोडली जातात आणि मुंबईला असलेल्या मुलाचा फोन थेट कानात ऐकू येतो. सोय मोठी आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र या सोयीच्या पाठोपाठ एक आगंतुकही कानात येऊन बसला आहे आणि त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

हा आगंतुक म्हणजे मोबाइलमधला ध्वनिसाहाय्यक. ॲपलची सिरी असो, गूगलचा साहाय्यक असो की त्यांचे नवे अवतार असोत, हाक मारली की ओ द्यावी हे त्यांचे काम. अडचण अशी, की हाक न मारताही ते ओ देतात. एखादे निवृत्त गुरुजी बाजारात ओळखीच्या माणसाशी बोलत उभे आहेत अशी कल्पना करावी. बोलता बोलता ते टोपी सारखी करतात. तत्क्षणी कानात घंटी वाजते, समोरच्या माणसाचा आवाज दबतो आणि कोणी अपरिचित स्त्री इंग्रजीत विचारते, की काय मदत करू? गुरुजी दचकतात. समोरच्याला यातले काहीच ऐकू आलेले नसते. त्याला दिसतो तो बोलता बोलता मध्येच थबकलेला, इकडेतिकडे पाहणारा म्हातारा माणूस.

ज्याचे कान शाबूत आहेत त्याच्या बाबतीत हा प्रकार निव्वळ कटकटीचा ठरतो; खिशातला फोन काही बडबडला तरी त्याचे जगाशी बोलणे चालूच राहते. श्रवणयंत्र वापरणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. फोनचा आवाज कानात सुरू झाला, की पुष्कळशी यंत्रे बाहेरच्या आवाजासाठी असलेले मायक्रोफोन मंद करतात. फोनवरचे बोलणे स्पष्ट यावे म्हणून केलेली ती योजना आहे आणि त्या कामापुरती ती योग्यही आहे. परंतु साहाय्यक आगंतुकपणे जागा झाला, तर तेवढ्या वेळापुरता त्या माणसाचा कानच काढून घेतला जातो. रस्ता ओलांडताना, बँकेच्या खिडकीशी रक्कम मोजून घेताना, डॉक्टर औषधाची वेळ सांगत असताना हे घडले तर काय होईल, हे सांगावयास नको. दिवसातून दोनचारदा असा अनुभव आला, की यंत्राची डबी कपाटात जाते, आणि 'आजोबा मशीन लावतच नाहीत' अशी तक्रार घरातली माणसे करू लागतात. त्याच्या अगोदर 'आजोबा हल्ली एकटेच बोलतात' अशी कुजबुज होऊन गेलेली असते ती वेगळीच.

कारणे तशी गूढ नाहीत. पहिले कारण खुद्द कानातच असते. काही यंत्रांत हालचाल ओळखणारा सूक्ष्म संवेदक बसवलेला असतो. फोनॅक कंपनीने २०२० साली आणलेल्या पॅराडाइज मालिकेत कानावर दोनदा टिचकी मारून फोन उचलण्याची, तशीच साहाय्यकाला बोलावण्याची सोय आली. काही यंत्रांवर बटण असते आणि ते दाबून धरले की तेच काम होते. कल्पना चांगली आहे. पण टोपी, पदर, चष्म्याची काडी, हेल्मेट यांचा धक्का आणि हेतुपूर्वक मारलेली टिचकी यांत संवेदकाला दर वेळी फरक करता येतोच असे नाही. दुसरे कारण खिशात असते. अलीकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवरचे बटण दाबून धरले, तर फोन बंद होण्याऐवजी साहाय्यक उठतो. आयफोनच्या बाजूचे बटणही हेच काम करते. सदऱ्याच्या खिशात किल्ल्या आणि चष्म्याचे घर यांच्यासोबत फोन कोंबला, की हे बटण कोणी न दाबता दाबले जाते.

तिसरे कारण हवेत असते, म्हणजे बोलण्यात. साहाय्यकाला जागे करणारी ठरावीक हाक ऐकण्यासाठी फोनमधला एक छोटा कार्यक्रम अष्टौप्रहर कान टवकारून असतो. जे ऐकू येते ते हाकेशी किती जुळते, याचा हिशेब तो सतत करतो आणि एका मर्यादेपलीकडे ते जुळले की फोन जागा होतो. मर्यादा कडक ठेवावी तर खरी हाकही हुकते. सैल ठेवावी तर भलतेच शब्द हाक ठरतात. जर्मनीतल्या बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या व माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली निरनिराळ्या साहाय्यकांना चुकून जागे करणारे एक हजाराहून अधिक शब्द व शब्दसमूह शोधून काढले. ॲमेझॉनची अलेक्सा 'इलेक्शन' या शब्दालाही ओ देते, असे त्यांत आढळले. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली असता पारावरच्या गप्पांत त्या बिचारीला क्षणाची उसंत मिळणार नाही. ॲपलने तर २०२३ साली हाकेतला 'हे' गाळून नुसत्या 'सिरी'ने काम भागेल अशी सोय केली. ज्या भाषेत पत्राचा आरंभ 'श्री'ने होतो आणि गणपतीही 'श्री'च असतो, त्या भाषेच्या घरात या हाकेला वेगळेपणा तो कितीसा उरणार? हाक मारणारा माणूसच असला पाहिजे असेही नाही. २०१७ साली अमेरिकेत एका बर्गर कंपनीने दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत गूगलच्या साहाय्यकाला मुद्दाम हाक मारून घराघरांतली यंत्रे बोलती केली होती.

बेल्ह्यापासून पश्चिमेला काही किलोमीटरवर आळे येथे रेड्याची समाधी आहे. माउलींनी मस्तकी हात ठेवल्यावर त्याने वेद म्हटले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कोणी न सांगता तो मध्येच बोलू लागल्याचे मात्र कोठेही ऐकिवात नाही.

तक्रार घेऊन आलेल्याला बहुधा 'फोन बदला' किंवा 'मशीनच खराब असेल' असे उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. याच जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारा अतिक्षीण संदेश आणि माणसांनी माजवलेला रेडिओ-गोंगाट वेगळे करणे हे तिथले नित्याचे काम. नको असलेला संकेत कोठून येतो ते आधी शोधावयाचे आणि मग त्याचा बंदोबस्त करावयाचा, ही तिथली रीत. कानातल्या आगंतुकालाही तीच लागू पडते, आणि तिच्यासाठी कोणी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

एक दिवस मोबाइलचे ब्लूटूथ बंद ठेवून पाहावे. श्रवणयंत्राचे मूळ काम फोनवाचूनही चालते. त्यामुळे ऐकण्यात खंड पडण्याची भीती नाही. साहाय्यक तरीही जागा होत असेल, तर त्याचा आवाज आता कानातून न येता खिशातून येईल आणि दोष यंत्राकडे नाही हे सिद्ध होईल. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हाक ऐकण्याची सोय बंद करावी. त्यानंतरही तो उठत असेल, तर बटणाचे काम बदलून घ्यावे. उलट ब्लूटूथ बंद केल्याबरोबर सारे शांत झाले, तर संशय कानातल्या टिचकीवर किंवा यंत्राच्या बटणावर घ्यावा. ते काम यंत्राच्या ॲपमधून काढून टाकता येते. नाही तर ऑडिओलॉजिस्टला आपल्या संगणकावरून ते बंद करता येते, निदान संवेदकाची तीव्रता कमी करता येते. फोनला कुलूप असताना ब्लूटूथवरून आलेली आज्ञा पाळावयाची की नाही, याचीही वेगळी कळ अनेक अँड्रॉइड फोनांत आहे. ती बंद ठेवणे बरे.

एवढे सोपे असेल तर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. सोपे आहे ते ज्याला इंग्रजी सेटिंगच्या पाचव्या पायरीपर्यंत उतरता येते त्याला. यंत्र वापरणारा बहुतेक वेळा सत्तरीचा असतो, फोन मुलाने किंवा नातवाने जुळवून दिलेला असतो आणि तो दिवाळीला येणार असतो. यंत्र पुण्याहून घेतलेले असले, तर बेल्ह्याहून तिथे जावयाचे म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास आणि अख्खा दिवस. एक कळ बंद करण्यासाठी एवढा खर्च ज्याच्या माथी पडतो, त्याने ती कळ चालू करावयास सांगितलेले नसते. खरा प्रश्न आहे तो हा.

कारण यंत्र हाती येताना कोणत्या गोष्टी चालू आणि कोणत्या बंद असाव्यात, हे उत्पादक आणि फोनकंपन्या ठरवतात. ध्वनिसाहाय्यक जितका वापरला जाईल तितका कंपनीचा लाभ. तो चुकून जागा झाला तर तिचे काही बिघडत नाही. बिघडते ते ऐकणाऱ्याचे. कानातले यंत्र हे आधी कान आहे आणि मग फोनचे उपांग आहे. त्यामुळे कानात शिरणारी प्रत्येक सोय मुळात बंदच असली पाहिजे आणि वापरणाऱ्याने मागितल्यावरच ती चालू झाली पाहिजे. ज्यांची बोटे थरथरतात त्यांना नुसते बोलून फोन लावता येणे हे वरदान आहे, हा आक्षेप खरा आहे. त्यांनी ती सोय अवश्य मागून घ्यावी. दहाजणांतल्या एकाला हवी ती वस्तू उरलेल्या नऊजणांच्या कानात न विचारता बसवून देणे, याला मात्र सेवा म्हणता येत नाही.

यात गुप्ततेचा प्रश्नही गुंतलेला आहे. चुकून जागा झालेला साहाय्यक नुसता बोलत नाही, तो ऐकतही असतो. ध्वनिमुद्रणांचे तुकडे गुणवत्ता तपासण्यासाठी कंत्राटी माणसांना ऐकवले जातात आणि त्यांत खाजगी संभाषणेही असतात, हे २०१९ साली उघड झाल्यावर ॲपलला ती पद्धत थांबवावी लागली. त्यासंबंधीच्या अमेरिकेतल्या दाव्यात कंपनीने साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड करण्याची तयारी दाखवल्याचे २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. दोष मात्र तिने मान्य केला नाही. आपल्याकडच्या बैलबाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. ज्या व्यवहारी लोकांनी ही रीत काढली त्यांच्याच वारसाच्या खिशात आज सर्व काही ऐकणारी वस्तू आहे, हा विरोधाभास ध्यानात घेण्यासारखा आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती ही मुक्त, विशिष्ट, जाणतेपणाने आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असे म्हटले आहे. संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचण्याचा पर्यायही त्यात आहे. मराठी त्या परिशिष्टात आहे. टोपीचा धक्का ही स्पष्ट कृती ठरू शकत नाही, हे समजावयास वकिलाची गरज नसावी. राष्ट्रीय वयोश्री योजनेखाली २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना सरकार श्रवणयंत्रे देते. ती यंत्रे साधी असली तरी उद्या बिनतारी यंत्रे याच मार्गाने येतील. त्यांच्या खरेदीच्या अटींत 'साहाय्यक बंद' आणि 'सूचना मराठीत' या दोन ओळी घालावयास फार मोठा खर्च येणार नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय श्रवणसंस्था आहे. अशा ओळींचा मसुदा करण्यासाठी तिच्याहून योग्य ठिकाण शोधावे लागू नये.

तोपर्यंत यंत्र देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टने पहिल्याच दिवशी 'टिचकीने साहाय्यक उठावा असे तुम्हाला हवे आहे का?' एवढे मराठीत विचारावे, उत्तर नकारार्थी असल्यास ती सोय समोरच बंद करावी आणि कोणत्या कळा बंद केल्या ते कागदावर लिहून द्यावे. हा कागद जपून ठेवावयास हवा. कारण फोनचे सॉफ्टवेअर नव्याने भरले गेले, की काही कळा पुन्हा पूर्वपदावर आलेल्या असू शकतात आणि त्या वेळी त्या कोणत्या, हे नातवालाही आठवणार नाही.