आधी चालवा, मग पैसे भरा

‘टेस्ट ड्राइव्ह कशाला? यूट्यूबवर सगळं दिसतंय की. अन् सगळेच तीच गाडी घ्यायलेत.’ नांदेड-लातूरकडे गाडी घ्यायला निघालेला माणूस हल्ली असं बोलतो, आणि त्याला वेड्यात काढून चालणार नाही. 30 जुलै 2022 ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाखावर नोंदी झाल्या. 3 ऑक्टोबर 2024 ला थार रॉक्सने तासाभरात पावणेदोन लाख ओलांडले. ह्युंदाईने 2020 च्या टाळेबंदीतच घरबसल्या गाडी विकायची सोय केली. 2023 पासून भारत एनकॅप गाड्या आपटून त्यांना सुरक्षेचे तारे देतं. एवढं सगळं मोबाईलवर असताना शोरूमला खेटे कशाला घालायचे?

गाडी बिघडकी निघेल ही भीती आता फारशी उरलेली नाही, हे कबूल. पण ती आपल्या घराला, आपल्या रस्त्याला चालेल का, हे कुठला यूट्यूबवाला सांगणार? तो गाडी चालवतो एक्स्प्रेस-वेवर, बहुधा एकटा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटा घेऊ लागतो. अहमदपूर-लोहा महामार्गावर मऊ वाटणारी गाडी कंधारच्या आतल्या एखाद्या गावाकडे वळली की मागच्या सीटवरच्याला उसळ्या मारायला लावते. पुढे बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे गाडी घेणारा पुढे बसतो आणि आई मागे. नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या आईला उंच एसयूव्हीत चढता येतं का, हे ब्रोशरमधल्या ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावरून कळत नाही. तिला शोरूमला न्यावं लागतं. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. तिथल्या गर्दीत अर्ध्या क्लचवर डावा पाय किती दुखतो, रिव्हर्स घेताना मागचं कितपत दिसतं, तेही चालवल्यावरच समजतं.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घेणारा शेतकरी दात बघतो, चालवून बघतो, जमलं तर जुंपूनही बघतो. त्याचाच मुलगा दहा-पंधरा लाखांची गाडी रंग बघून बुक करतो. याला आधुनिकपणा म्हणायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमपासून पेट्रोल पंपापर्यंत आणि परत; शेजारी सेल्समन, गाणी चालू, एसी फुल. त्यातून काय कळणार? खरंच, काहीच नाही. त्यात डेमोला उभी असते टॉप मॉडेल ऑटोमॅटिक, आणि आपण घेणार मधलं मॅन्युअल किंवा सीएनजी. सीएनजीवर त्याच इंजिनाची ताकद कमी पडते, वर टाकीने डिकीही खाल्लेली असते. पण याचा इलाज ड्राइव्ह सोडून देणं हा नव्हे. गाणी बंद करायला सांगा. घरची चार माणसं बसवा. मे महिन्यात, भर दुपारी उन्हात तापलेली गाडी मागा आणि मागच्या सीटला गार हवा किती वेळात पोचते ते बघा. शक्य असेल तर रात्रीही एक चक्कर मारा, म्हणजे दिव्यांचा उजेड कळेल.

विक्रेत्यांनाही हे उमगलेलं आहे. ओलाने सप्टेंबर 2021 मध्ये विजेची स्कूटर मोबाईलवरूनच विकायला काढली. नोव्हेंबरात टेस्ट राइड सुरू केल्या आणि पुढे गावोगाव दुकानंही उघडली.

राहिली मुहूर्ताची घाई. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि ‘आज बुक करा, नाहीतर दसरा हुकेल’ या वाक्याला चांगलाच भाव आला. दसरा दरवर्षी येतो, गाडी दहा वर्षं दारात उभी राहते. आणि आरटीओत एकदा तुमच्या नावाने नोंद झाली की दुसऱ्या दिवशी विकायला काढलेली गाडीही सेकंडहँडच.

तेव्हा जे व्हेरियंट घ्यायचं तेच चालवायला मागा. लातूरला नसेल तर नांदेडच्या शोरूमला फोन लावा, तिथेही नसेल तर ते ज्याच्याकडे आहे असा ओळखीतला माणूस गाठा. आणि ‘आधी बुकिंग, मग डेमो’ म्हणणाऱ्याला टोकनचा एक रुपयाही देऊ नका.