पांढरी बाजारात, काळी ताटात



घरातले अन्न खाण्याजोगे आहे का, हा प्रश्न आता जो तो विचारतो. १९७२ च्या दुष्काळात सुकडी हातावर पडली की पोट भरले का, एवढेच आम्ही पाहत होतो. मग भेसळीची भीती आली. आता शहरातली बाई भाजी मिठाच्या पाण्यात धुते आणि शेतकऱ्याने काय फवारले म्हणून आमच्याकडे बोट दाखवते. तिने जरूर विचारावे. पण आमच्या कणगीत काय आहे, हे कोणी विचारत नाही. आम्हीही नाही.

खरिपाची संकरित ज्वारी लवकर पिकते. दाणा भरतो आणि पाऊस गाठतो, उभ्या कणसावर बुरशी चढते. खरेदी केंद्रावर माल दर्ज्यात बसत नाही म्हणून पोते परत येते. व्यापारी मातीमोल भाव सांगतो. मग पांढरा दाणा निवडून बाजारात आणि काळा जात्यावर, आता चक्कीवर म्हणा. भाकरी कडवट लागली तर ठेचा आहेच.

१९९५ साली कर्नाटकातल्या आणि तेव्हाच्या आंध्रातल्या २७ गावांत अशीच भिजलेली, बुरसलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसांना पोटदुखी आणि हगवण लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष सापडले. त्या घरांतले धान्य कोंबडीच्या पिलांना घातले, तर त्यांनाही हगवण लागली. आणि ती माणसे भाकरीच खात होती. तव्याच्या आचेने हे विष जळून जात नाही.

काळा पडलेला प्रत्येक दाणा विषारी असतो असे नाही. पण कोणता आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. पाखडा, वाळवा असा सल्ला मिळतो. पावसात वाळवायचे कुठे? आणि पांढरी विकल्याशिवाय ज्याची उधारी फिटत नाही, त्याला काळी खाऊ नको म्हणणे फुकटचे शहाणपण आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पावसाने काळी पडलेली ज्वारी सरकारने ठरल्या भावाने वेगळी घ्यावी आणि ती माणसाच्या खाण्यात येऊ देऊ नये. बुरशीचे विष तपासायची सोय तालुक्याला हवी. शहराच्या भाजीसाठी प्रयोगशाळा निघतात, मग आमच्या भाकरीसाठी का नाही?

जिल्हा सभेला येताना प्रत्येकाने घरच्या कणगीतली मूठभर ज्वारी पुडीत बांधून आणावी. विकायची नव्हे, खायची. निवेदनासोबत त्या पुड्या आम्ही कलेक्टरच्या टेबलावर ठेवणार आहोत.