थकवा बाईचा, डबा बाजाराचा

१९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात तिथला नोकरवर्गच अंथरुणाला खिळला. काही महिन्यांत २९२ जण. परिचारिका त्यांत पुष्कळ. हॉस्पिटल बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून निकाल दिला : हा हिस्टेरिया. एकाही रुग्णाला त्यांनी स्वतः तपासलं नव्हतं. आणि त्यांच्या पुराव्यांपैकी एक काय, तर आजारी पडल्या त्या जास्त करून बायका! (पुरुष जास्त असते तर साथच म्हटली असती.)

अशा आजाराला १९८८ मध्ये ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव मिळालं. नाव ऐकून कुणीही म्हणावं, थकवा काय, आम्हालाही येतो. पण हा झोपून जात नाही. आज चार कपडे धुतले, की उद्या अंथरूण सुटत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, बोलताना शब्द सापडत नाही. अमेरिकेच्या २०२१-२२ च्या पाहणीत प्रौढ स्त्रियांत हे प्रमाण १.७ टक्के, पुरुषांत ०.९.

डॉक्टरांनी झिडकारलेल्या या बायकांना बाजार मात्र प्रेमाने जवळ घेतो. अमिनो ॲसिडची पावडर घ्या, मेंदूचा थकवा घालवा! यामागे मुळात एक खरा विचार आहे. ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांनी १९८७ मध्ये तो मांडला. ट्रिप्टोफॅन मेंदूत शिरलं की त्याचं सेरोटोनिन होतं. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही त्याच दारातून आत जातात. श्रमाने ती खर्ची पडली की ट्रिप्टोफॅनला दार मोकळं, आणि मेंदू थकतो. विचार खेळाडूंबद्दलचा, त्यांच्यातही प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. तो उचलून आजारी बाईला विकायचा, हा कुठला न्याय?

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २०० रुग्ण आणि १०२ निरोगी माणसांचं रक्त तपासलं. पेशींत इंधन म्हणून वापरली जाणारी काही अमिनो ॲसिडं रुग्णांत कमी होती, आणि ही घट मुख्यतः स्त्रियांत. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. डबेवाल्यांनीही वाचावं, कारण संशोधकांचा संशय इंधन जाळण्याच्या यंत्रणेवर आहे. चूल नीट पेटत नसेल तर नुसती लाकडं कोंबून काय होणार?

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हेही आपण ऐकलंय. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांच्या दूषित मालाने दीड हजाराहून जास्त लोक आजारी पडले, तिसाहून अधिक दगावले. बहुतेक बायकाच.

ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की हा आजार बरा करण्यासाठी कुठलीही पूरक गोळी-पावडर देऊ नये. ‘रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा’ हा जुना उपदेशही काढून टाकला. त्या उपदेशाने किती जणी अधिकच खचल्या, याचा हिशेब कोण देणार?

आणि मैत्रिणींनो, आपण? शिबिरात थकव्याची तक्रार आली की आपण हिमोग्लोबिन पाहतो. पाहावंच. पण ते बाराच्या वर निघालं की आपणही ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून पुढच्या बाईला हाक मारतो. तिला थांबवून विचारा : किती महिने झाले? झोपून उठल्यावर ताजं वाटतं का? काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं? उत्तरं केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहा.